अर्ध्या जिभेची चव

“हा घोळ कुणी घातला, त्याचं दुपारपर्यंत नाव सांगा. नाहीतर औषधवाल्याला काढावं लागेल,” कान-नाक-घसा विभागाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खासगी तपास करणाऱ्या ताईंनी मान डोलावली. सोबत त्यांच्या बहिणीचे यजमान होते. भावोजींचं डोकं जरा सावकाश चालायचं, पण माणूस सोन्यासारखा.

चेहऱ्याची नस लुळी पडून तोंड वाकडं झालेल्यांवर इथे संशोधन चाललं होतं. काही रुग्णांना खरी गोळी, काहींना तशीच दिसणारी बनावट. कुणाला कुठली, ते शेवटपर्यंत गुपित.

“गुपित उघडलं आणि कपाळाला हात लावला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “खऱ्या गोळीनं रक्तातली साखर चढते. चढली ती बनावट गोळी दिलेल्या शिक्षिकेची. त्या बऱ्याही झाल्या. त्याच दिवशी आलेल्या आजोबांना खरी दिली होती. त्यांची साखर जागची हलली नाही, आणि तोंडही वाकडंच राहिलं.”

“औषधवाल्यानं बाटल्या बदलल्या, दुसरं काय,” भावोजी म्हणाले.

औषधवाला रडकुंडीला आला होता. “प्रत्येक बाटलीवरचा आकडा मी दोनदा बघतो. पोरीचं शिक्षण चाललंय माझ्या. आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेऊ?”

सिस्टरला सगळं आठवत होतं. “पहिली गोळी माझ्यासमोर घ्यायची असते. आजोबांनी वाकडं तोंड आणखी वाकडं केलं. ‘कडू जहर आहे गं,’ म्हणाले. शिक्षिकेनं मुकाट्यानं गिळली. आजोबांनी तिला विचारलंसुद्धा, कडू नाही लागली? ती नाही म्हणाली. मग चेहऱ्याचं चित्रीकरण करायला आत गेली.”

“पिशवी घेऊन?” ताईंनी विचारलं.

“पिशवी आत नेऊ देत नाही. गोळ्यांच्या बाटलीसकट आजोबांकडे ठेवली.”

शिक्षिका तपासणीला आलीच होती. “मी ऐकू न येणाऱ्या मुलांना शिकवते,” ती म्हणाली. “ती माझे ओठ वाचतात. तोंड वाकडं झालं तेव्हा बिचारी नुसती बघत बसायची. आजोबांची नातही माझ्याच वर्गात. आईबाप नाहीत तिला, आजोबाच सगळं.”

शिक्षिका शाळेत गेल्यावर ताईंनी बाकीच्यांना खोलीत बोलावलं. आजोबा नातीचा हात धरून आले.

“पहिली गोळी आजोबांना कडू लागली, म्हणजे तोवर खरं औषध त्यांच्याकडेच होतं,” ताई म्हणाल्या. “औषधवाला सुटला. अदलाबदल नंतर झाली. डॉक्टर, बनावट गोळी कडू का नव्हती?”

डॉक्टरीणबाई ओशाळल्या. “या आजारात अर्ध्या जिभेची चव जाते. म्हटलं, कुणाला कळणार?”

“आजोबांच्या उरलेल्या अर्ध्या जिभेला कळलं. आणि शिक्षिकेची पिशवी त्यांच्याच मांडीवर होती.”

ताईंना वाईट वाटलं. उत्तर सापडल्याचं इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

आजोबा अडखळत बोलले. “बाटल्यांवर आकडे होते, म्हणून गोळ्याच इकडच्या तिकडे केल्या. बाईंपुढे सगळा वर्ग असतो. माझे ओठ वाचणारी ही एकटीच. म्हटलं, एकीचं भागेल कसंतरी. बाईंना सांगू नका.”

“मग भागलं का?” भावोजींनी विचारलं.

आजोबा नातीकडे वळून म्हणाले, “चल, घरी जाऊ.”

ती त्यांच्या ओठांकडे बघत राहिली. तिला काही कळेना. तिने बोट पुढे केलं, त्यांच्या तोंडाचा पडलेला कोपरा हलकेच वर उचलून धरला, आणि परत बोला म्हणून मान हलवली.

आजोबा परत बोलले.