खोली पसंत पडली

दुपारी चारची बस गावात शिरली आणि कंपाउंडर एकटेच उतरले. 'एकटेच' मुद्दाम सांगावं लागतं, कारण गेली सत्तावीस वर्षं त्या स्टॉपवर दोघं उतरत आले होते. समुद्राकाठचं लहानसं गाव, वर्षातले आठ दिवस सुट्टी, आणि राहायचं कुठं ते आल्यावर ठरवायचं, असा त्यांचा शिरस्ता. आधी कळवून खोली घेणं बायकोला मान्यच नव्हतं. "न बघता खोली घेणं म्हणजे न बघता नवरा करण्यासारखं," ती म्हणायची, "एकदा केला तेवढा पुरे."

मग काय, उतरल्या उतरल्या ती पर्स काखेला मारून घरं बघत निघायची आणि कंपाउंडर सामान राखत बाकावर चहा पीत बसायचे. तास, दीड तास, कधी दोन. परत आली की ती एवढंच म्हणायची, "चला, खोली पसंत पडली." एका घरी दुसऱ्यांदा राहायचं नाही, हाही तिचाच नियम. बाई फार चोखंदळ, असं ते चारचौघांत हसून सांगायचे. राजवाडा दाखवला तरी ही नाक मुरडेल म्हणायचे. दरवर्षी निघताना ती एकदा विचारायची, "या ना हो बरोबर. एकदा तरी." आणि हे म्हणायचे, "तू बघ. झालं की बोलाव."

बोलावण्याचं हे खूळ त्यांना कामातून लागलेलं. पस्तीस वर्षं दवाखान्याच्या खिडकीमागे औषधं दिली. समोर गर्दी, आणि यांचं एकच पालुपद, "बसा, नाव पुकारतो." पुकारल्याशिवाय कोणी उठायचं नाही. ही शिस्त त्यांनी दुसऱ्यांना लावली, तशी स्वतःलाही लावून घेतली. आणि त्या शिस्तीनंच घात केला. मागच्या वर्षी बायको इस्पितळात होती. नर्स म्हणाली, "बाहेर बसा, बोलावते." हे तिच्या कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसले. आत ती तीनदा म्हणाली म्हणे, "ह्यांना बोलवा." नर्सची पाळी बदलली आणि निरोप राहून गेला. दाराला कडी नव्हती, अडवायला कोणी नव्हतं, नुसतं उठून आत जायचं होतं. हे बसून राहिले. बोलावलं, ते सगळं संपल्यावर.

तेव्हापासून एक वाक्य त्यांच्या घशात अडकलेलं. मुलगी काकुळतीला येऊन म्हणाली, "बाबा, कशाला जाताय तिथं एकटे?" पण ते हट्टाला पेटले. यंदा खोली आपण स्वतः बघायची. उशिरा का होईना, एकदा तरी. आता ह्यानं काय साधणार होतं, ते विचारू नका. त्यांनाही ठाऊक नव्हतं.

स्टॉपवरची चहावाली नवीन होती. तिच्यापाशी बॅग ठेवून कंपाउंडर निघाले.

पहिलं घर सुताराचं. अंगणभर भुसा, मागच्या बाजूला एक खोली. रंधा थांबवून सुतार म्हणाला, "आत्ताच एक बाई बघून गेल्या. त्यांना काही पटली नाही. तुम्ही बघा."

खोली स्वच्छ होती. पण पलंगावरच्या उशीला खळगा पडला होता, आणि हवेत बामचा वास होता. कंपाउंडरांचं नाक औषधांत मुरलेलं. त्यांनी तो वास पहिल्याच श्वासाला ओळखला. त्यांच्याच हातचा बाम. लवंगतेल जरा चढं घालून बायकोच्या डोकेदुखीसाठी ते घरी करायचे. दुकानात तो मिळतच नव्हता.

"का... का नाही पटली त्यांना?"

"गादी मऊ आहे म्हणाल्या. डोळे मिटून चांगली पाच मिनिटं पडून राहिल्या हो! म्हणाल्या, मला चालेल, पण ह्यांची कंबर धरेल." सुतार हसला. "नवरा स्टॉपवर सामान राखत बसलाय म्हणे. असतात एकेक नशीबवान."

कंपाउंडरांनी दाराची चौकट घट्ट धरली. लवंगतेल काय, कोणीही घालील, त्यांनी स्वतःला बजावलं. नवऱ्याला 'हे' म्हणणारी जगात एकच बाई आहे की काय? तरी त्यांनी विचारलंच.

"कुठं गेल्या त्या?"

"वरच्या गल्लीत. शिवणवाल्या बाईंकडे."

शिवणवालीचं घर माडीवर. जिना अरुंद आणि अंधारा, वरून मशिनचा खडखडाट येत होता. निम्म्या वाटेवर कंपाउंडर भिंतीला चिकटून उभे राहिले, वरून कोणी उतरत असलं की आपण राहतो तसे. का राहिलो, ते त्यांचं त्यांनाच कळेना. जिन्यात कोणी नव्हतं. फक्त बामचा वास त्यांच्या अंगाला घासून खाली गेला.

शिवणवालीनं मशिन थांबवलं. "खोली का? अगंबाई, आत्ताच एक जणी उतरल्या. जिन्यात भेटल्या नाहीत?"

"दुसरा जिना आहे का हो?"

"नाही हो. एवढा एकच."

कंपाउंडरांनी वळून जिन्याकडे पाहिलं. "काय म्हणाल्या त्या?"

"आवडली होती त्यांना. खिडकीशी समुद्र बघत किती वेळ उभ्या होत्या! मग म्हणाल्या, नको. जिना उभा आहे, ह्यांचे गुडघे दुखतात. बोलून दाखवत नाहीत, पण झोपेत कण्हतात. मी म्हटलं, अहो, कधीतरी स्वतःच्या मनासारखं बघा की. तर म्हणतात, सत्तावीस वर्षं झाली, आता कुठं सवय मोडू? गेल्या मग गावाच्या टोकाच्या बैठ्या घराकडे."

खाली उतरून कंपाउंडर शेवटच्या पायरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. सत्तावीस वर्षं त्या बाईनं दारोदार हिंडून गाद्या दाबून पाहिल्या, जिने मोजले, ते सगळं ह्यांच्या कंबरेसाठी आणि ह्यांच्या गुडघ्यांसाठी. आणि हे बाकावर बसून तिची थट्टा करत होते! भीती त्यांना वाटत होतीच. पण ती कोण, कुठून आली, हे विचारायची इच्छाच उरली नव्हती. ती दोन गल्ल्या पुढे होती. तिला गाठायचं, आणि ते एक वाक्य सांगायचं. यावेळी कोणी बोलवायची वाट बघायची नाही.

ते पळत सुटले. गावाच्या टोकाला, समुद्राच्या तोंडावर एका म्हाताऱ्या खलाशाचं बैठं घर होतं. पोचेस्तोवर सूर्य बुडाला होता. खलाशी दाराशी कंदील पुसत बसला होता.

"बाई... एक बाई आल्या होत्या?"

"आल्या होत्या की! खोली पसंत पडली त्यांना. पलंग टणक, पायरी एकसुद्धा नाही. म्हणाल्या, ह्यांना अगदी चालेल." म्हाताऱ्यानं कंदिलाची काच उजेडाकडे धरून पाहिली. "नवऱ्याला आणायला गेल्यात स्टॉपवर. ह्या वाळूतल्या पायवाटेनं. तुम्ही रस्त्यानं आलात वाटतं, चुकामूक झाली बघा."

स्टॉपवर! कंपाउंडरांनी कपाळावर हात मारला. आयुष्यात पहिल्यांदा जागचे उठले, आणि तेही नेमके आज. नुसते बाकावर बसून राहिले असते, तर ती आपणहून आली असती, समोर उभी राहून म्हणाली असती, चला... गुडघ्यांतून कळा येत होत्या, तरी ते वाळू तुडवत धावले. वाटेत कोणी दिसलं नाही. ओल्या वाळूत पावलं मात्र होती. स्टॉपकडे जाणारी एका माणसाची. आणि घराकडे परत येणारी दोघांची.

चहावाली स्टोव्ह विझवून आवराआवर करत होती. ह्यांना पाहून तिनं भुवया उंचावल्या. "काय काका, काही राहिलं का?"

"माझी बॅग..."

"घेऊन गेलात ना मघाशी!"

"मी?"

"मग काय मी? बाई आल्या, चला म्हणाल्या, आणि निघालात की दोघं. बॅगसुद्धा त्यांना धरू दिली नाहीत." ती हसली. "तासभर त्या बाकावर बसून होतात. दोन चहा झाले तुमचे. काका, बरं आहे ना तुम्हाला?"

कंपाउंडर बाकाजवळ गेले. लाकडाला हात लावून पाहिला. ते अजून कोमट होतं.

परत जाताना ते धावले नाहीत. पाय ओढत गेले. अंधार पडला होता, लाटांचा आवाज मोठा झाला होता. दाराशी कंदील आता लागला होता आणि त्याच्या उजेडात खलाशानं ह्यांच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं.

"खोली गेली हो. नवराबायको आलेत."

"अहो, मी... मी मघाशी आलो होतो. आपण बोललो."

"मघाशी?" म्हाताऱ्यानं मान हलवली. "मघाशी फक्त बाई आल्या होत्या."

खोलीची खिडकी रस्त्याच्या बाजूला होती. लोटलेली, फटीतून उजेड येत होता. कंपाउंडर तिच्याशी जाऊन उभे राहिले. आत पलंग करकरला. कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं त्यांचं स्वतःचं होतं. मग एक पुरुषाचा आवाज आला, थकलेला, भरून आलेला.

"मी आत यायला हवं होतं गं. दार उघडंच होतं. बोलावतील म्हणून बसून राहिलो... चुकलो मी."

शब्दन् शब्द तेच वाक्य. वर्षभर घशात बाळगलेलं, आजवर कोणाला न सांगितलेलं. ते आता दुसऱ्याच कोणीतरी बोलून टाकलं होतं.

"आलात ना आता," ती म्हणाली. तिचाच आवाज. वर्षभरात एकदा, नुसता एकदा ऐकायला मिळावा म्हणून हे तडफडले होते, तो.

"अगं!" कंपाउंडर ओरडले. "अगं, मी इथं आहे! बाहेर! तो... तो मी नाही!"

खिडकीच्या झडपा उघडल्या. ती होती. हातभर अंतरावर, कंदिलाच्या उजेडात, आजाराच्या आधी होती तशी. तिनं वाकून बाहेर पाहिलं.

"कोण आहे गं बाहेर?" आतून त्यांच्याच आवाजानं विचारलं.

ती बराच वेळ थेट कंपाउंडरांच्या डोळ्यांत बघत राहिली. तिचे गाल ओले होते.

"कोणी नाही," ती म्हणाली, आणि झडपा ओढून घेऊन आतून कडी घातली.