अब्दुस्समदची अर्धी गाडी

धर्माजी आमच्या बोर्लीचाच. बाजाराच्या टोकाला कौलं उडालेली भिंत दिसते ना, तिथं त्याची भातगिरणी होती. एका वर्षी ऐन झोडणीच्या दिवसांत गिरणीचं इंजिन बसलं आणि लोकांची भाताची पोती पडवीत चढत गेली. तेव्हा कुणीतरी त्याला सांगितलं, खाडीपलीकडच्या एका गावात डिझेल इंजिन विकायला आहे. मात्र ते गाडीत बसवलेलं आहे, घ्यायचं तर गाडीसकट.

गावाचं नाव मी सांगणार नाही. त्या घरची माणसं अजून तिथंच राहतात. साल अठ्ठावन्न आणि दिवस कार्तिक वद्य दशमीचा, एवढं लक्षात ठेवा. धर्माजीनं हे मला ह्याच ओट्यावर बसून सांगितलं. सांगताना एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.

गाडी अब्दुस्समदची. तो बोटीवर इंजिनखात्यात कामाला असायचा. वर्षभर दर्यावर, मग दोन-तीन महिने घरी. लढाईनंतर मिलिटरीच्या लिलावात त्यानं एका मोटारीचा सांगाडा घेतला आणि एका मोडीत निघालेल्या लाँचचं डिझेल इंजिन त्यावर चढवलं. सुट्टीवर आला की तो दिवसभर त्या गाडीखाली. बायकोला, जहुराला, त्यात बसवून हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरवून आणायचं, हा त्याचा हट्ट. पण गाडी काही पुरी झाली नाही. दारं नाहीत, टप नाही. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा दांडाच बसवायचा राहिलेला. म्हणजे इंजिन चालू केलं तरी ते जागच्या जागी धडधडणार, गाडी तसूभर हलायची नाही.

मग एका खेपेला अब्दुस्समदची बोट मस्कतच्या पुढं बेपत्ता झाली. दीड वर्ष गेलं. गावानं त्याच्या नावाची नमाज पढली. जहुरा मात्र इद्दतीला, विधवेनं पाळायच्या दिवसांना, बसली नाही. नवरा येणार आहे, म्हणाली. रोज सकाळी शेडमध्ये जाऊन गाडीवरची धूळ पुसायची.

अब्दुस्समदचा थोरला भाऊ सिराजुद्दीन वाईट माणूस नव्हता. त्यानं धर्माजीला बाजूला घेऊन सांगितलं, की गाडी डोळ्यांसमोरून गेली तर ही बाई एकदाची रडेल, आणि रडली तर सावरेल. धर्माजीला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा, कारण त्याला इंजिन हवं होतं. भागोजी गाडीवानानं बैल आणले, दोरखंड बांधला. तेव्हा माजघराच्या पडद्याआडून बाईचा आवाज आला.

"ते आल्याबिगर गाडी हलवू नका. माझी ना हाय."

सगळ्यांनी ऐकलं. सिराजुद्दीन खाली बघत राहिला. धर्माजी गाडीवर चढला, चक्र हातात धरलं आणि भागोजीला म्हणाला, चल.

दिवस मावळता ते खाडीवर पोचले. भरती आलेली. उतार पडायला मध्यरात्र उलटणार होती आणि बैलांनी गाडी ओढायची तर पाणी गुडघ्याखाली जायला हवं. भागोजीनं बैल सोडले आणि वरच्या आंब्याखाली पेंढा टाकायला घेऊन गेला. धर्माजी गाडीतच बसून राहिला. कंदील पायाशी. काळोख गच्च. दशमीचा चंद्र उशिरा उगवतो.

त्यानं विडी पेटवली तेव्हा गाडीपाशी एक माणूस उभा होता.

खाकी सदरा, उघडं डोकं. धर्माजीला वाटलं, पलीकडं जायला होडीची वाट बघणारा कुणी असेल. रामराम केला. माणूस गाडीभोवती हळूहळू फिरला. हात पत्र्यावरून फिरवत. पुढच्या चाकाशी वाकला, इंजिनाला कान लावला. गुराला आजारपणात लावतात तसा.

"गाडी कुणी विकली?" त्यानं विचारलं.

आता बघा, धर्माजीच्या मनात काय आलं. हा त्याच गावचा दिसतो. सिराजुद्दीनचं नाव घ्यावं, तर हा म्हणणार, बाईची ना होती. उद्या चार माणसं जमणार, इंजिन परत मागणार. म्हणून तो सहज बोलून गेला.

"घरच्या बाईनं."

"जहुरानं?"

परका पुरुष त्या घरच्या बाईचं नाव असं उघडं घेत नाही. धर्माजीला ते खटकलं. पण शब्द निघून गेला होता.

"व्हय."

माणसानं पत्र्यावरचा हात काढून घेतला. खाडीचं पाणी काठाला चुबुक चुबुक करत होतं.

"खुशीनं?"

"व्हय… खुशीनं."

"बरं," माणूस म्हणाला, आणि वळून गावाच्या रस्त्याला लागला.

धर्माजीनं कंदील उचलला. पत्र्यावर जिथं जिथं त्याचा हात फिरला होता, तिथं पाणी होतं. बोटांना लागलं. जिभेला लावलं. खारट.

मग त्याला उमगलं. माणूस गावाकडून आला नव्हता. खाडीकडून आला होता. भरतीच्या पाण्यातून. आणि पाण्यात होडी नव्हती.

त्यानं भागोजीला हाक मारली, इथंच थांब म्हणून सांगितलं, आणि कंदील घेऊन गावाकडं धावत सुटला. पुढं रस्त्यावर कुणी दिसेना. चाहूल नाही. रस्त्याला एवढा फुफाटा, पण त्यात गावाकडं गेलेल्या पावलाचा एकही ठसा नव्हता. त्याला फक्त एवढंच करायचं होतं. त्या माणसाच्या आधी पोचायचं. सांगायचं, मी खोटं बोललो.

सिराजुद्दीन हाकेसरशी बाहेर आला. दोघं घराच्या जहुराकडच्या बाजूला गेले. दार सताड उघडं. आत दिवा जळत होता. चूल अजून ऊन. अंथरूण घातलेलं, पण त्यावर कुणी निजलेलं नव्हतं.

सिराजुद्दीननं हाक मारली. परत मारली.

उत्तर आलं ते खाडीकडून.

धक्… धक्… धक्…

लाँचच्या इंजिनाचा आवाज. सावकाश. मग लागोपाठ.

सिराजुद्दीननं धर्माजीचं मनगट धरलं. आवाज हलत होता. जागच्या जागी नव्हता. हलत होता.

मग थांबला.

ते खाडीवर पोचले तेव्हा गाडी नव्हती. भागोजी आंब्याच्या बुंध्याला टेकून बसला होता. बैलांच्या वेसणी दोन्ही मुठींत. बैल थरथरत होते. धर्माजीनं त्याला हलवलं, तेव्हा तो बोलला.

"तो आला. बाईला घेऊन. मला वाटलं, तुमीच धाडलंय."

"मग?"

"बाई बाजूला बसली. त्यानं हँडल मारलं."

"गाडी कुठं गेली, भागोजी?"

भागोजीनं पाण्याकडं बोट केलं.

धर्माजीनं विचारलं, बाई रडत होती का.

"न्हाय," भागोजी म्हणाला. "एकच बोलत व्हती. मी न्हाय विकली… मी न्हाय विकली…"

"आनि तो?"

"तो काय बोलला न्हाय."

ते तिथंच बसून राहिले. काठावर, पाण्याकडं बघत. मध्यरात्र उलटली. चंद्र वर आला. पाणी ओसरत गेलं आणि खाडीचा तळ उघडा पडला, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. मधे घोटाभर पाण्याची एक धार. एवढी मोठी लोखंडाची गाडी लपायला तिथं जागाच नव्हती. काठावरच्या मातीत चाकांच्या खुणा होत्या. पाण्याच्या रेघेपर्यंत आल्या होत्या, तिथं संपल्या.

पुढं पोलिस आले, होड्या फिरल्या, गळ टाकले. काही मिळालं नाही. बाईनं दुःखानं जीव दिला आणि गाडी कुणी चोरून नेली, असं ठरलं. सिराजुद्दीन वर्षाच्या आत गेला. भागोजीनं बैल विकले. धर्माजीच्या गिरणीत पुन्हा इंजिन बसलं नाही. लोक सांगत, बसव रे, तो मान हलवायचा.

पण त्या रात्री ओहोटीला तो एकटा कंदील घेऊन खाडीत उतरला होता. दुसऱ्या कुणाला ते त्यानं सांगितलं नाही. अगदी मधोमध, जिथं भरतीला दोन पुरुष पाणी असतं, तिथं चिखलात त्याला एका बाईच्या सपाता दिसल्या. घरात शिरताना उंबऱ्याशी काढून ठेवतो तशा, जोडीनं ठेवलेल्या. टाचा गावाकडं, पुढची बाजू समुद्राकडं.

त्यानं वाकून हात लावला.

भरतीचं पाणी त्यांच्यावरून ओसरून गेलं होतं. पण त्या कोरड्या होत्या. आणि आतून ऊन. नुकताच कुणी पाय काढावा, तशा.