नाव घेऊन हाक

नरडाणा स्टेशनवर पॅसेंजर लेट होती. नवल काही नाही, ती असायचीच. शहाण्णव सालचा जानेवारी, संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे करीची रात्र. करीला कोणी बाहेरगावी निघत नाही, पण विमान कर बघून येत नाही. मगनचा मोठा भाऊ दुबईहून यायचा होता, आणि मगन त्याला आणायला मुंबईला निघाला होता. सोबत दोन दोस्त, आणि पोहोचवायला आलेले जीवराम नाना. पोरांनी प्लॅटफॉर्मच्या टोकाला तुराट्यांची शेकोटी पेटवली होती.

"विमानतळावरून टॅक्सी करू," मगन म्हणाला. "भाऊला थाटात आणू."

"टॅक्सी कर नाहीतर बसनं ये," नाना म्हणाले. "पण हाक मारशील तेव्हा नाव घेऊन मार."

"मोठ्या भावाचं नाव घेऊ? नाना, आई मुस्काटात देईल माझ्या."

पोरं हसली. नाना हसले नाहीत. त्यांनी विडी शेकोटीत टाकली आणि अंगावरची घोंगडी घट्ट ओढून घेतली.

"माझ्या घरासमोर कुलूप लावलेलं घर आहे ना, ते चुडामणचं. तुम्ही तेव्हा चड्ड्या सावरत फिरत होतात. आठ वर्षं झाली. रात्र हीच होती."

मग नानांनी सांगितलं, ते असं.

चुडामण आणि देवचंद हे द्रौपदाबाईचे दोन मुलगे. बाप लवकर गेलेला. चुडामणनं चौथीतच शाळेला रामराम ठोकला. डोकं गरम, हात आधी चालायचा, विचार मागून यायचा. देवचंद त्याच्या उलट, थंड. चुडामण लहान असताना कापसानं भरलेल्या गाडीपुढे घसरून पडला होता. देवचंदनं त्याला लाथेनं बाजूला ढकललं, आणि तोच पाय चाकाखाली गेला. उजव्या पायाचा अंगठा मुळापासून तुटला. तेव्हापासून देवचंद जरा पाय ओढत चालायचा. कोणी विचारलं की म्हणायचा, "अंगठा आमना चुडामणकडे ठेवेल शे."

पुढं देवचंद मस्कतला गेला, बांधकामावर. तिथं परांचीवरून तोल गेला आणि उंचावरून खाली आला. अग्नी तिथल्याच आपल्या लोकांनी दिला. अस्थी घेऊन येणार होता त्याच्या खोलीत राहणारा रुपचंद, यावलचा. त्या आणायला चुडामणनं सहारच्या विमानतळावर जायचं होतं.

निघताना द्रौपदाबाईनं त्याला उंबऱ्यावर अडवलं. ती रडत नव्हती. रडणं संपून गेलं होतं.

"परमुलखात मेलेल्या माणसाला वाट ठाऊक नसते," ती म्हणाली. "त्याला बोलावत आणावं लागतं. गाडीत चढताना हाक मार, उतरताना मार, पूल आला की मार. आणि नाव लेजो त्यानं."

"भाऊ म्हनसू ना."

"नको. भाऊ तं बठ्ठाच शेतस, जो तो कोणाचा तरी भाऊ." तिनं त्याचं मनगट धरलं. "देवचंद म्हन. नाव लेजो."

चुडामणनं मान हलवली. पण गड्यांनो, त्यानं जन्मात कधी भावाचं नाव घेतलं नव्हतं. थोरल्याचं नाव घेतलं तर जीभ झडते, असं त्याला ह्याच आईनं शिकवलं होतं.

सहारला तो पोहोचला तेव्हा रात्र बरीच झाली होती. काचेच्या दारामागून रुपचंद आला. हातात ट्रंक नाही, टेपरेकॉर्डर नाही. छातीशी दूध पावडरचा डबा, लाल फडक्यात बांधलेला. तो चुडामणच्या हातात देताना रुपचंदचे हात सुटता सुटेनात.

"मी हाका मारत आणलाय," तो म्हणाला. "विमानात चढताना मारली, उतरताना मारली. नाव घेऊन. लोक बघत होते, बघू दिलं. इथपर्यंत तो आलाय, चुडामण. आता तुझ्या हाती."

रुपचंदला कल्याणकडचे नातेवाईक घेऊन गेले. टॅक्सीवाले चुडामणच्या अंगावर येत होते. त्याला टॅक्सीत एकट्यानं बसायची हिंमत झाली नाही. बसमध्ये चार माणसं तरी असतात. दारावरच्या पोलिसानं सांगितलं, "ती समोर उभी आहे ना, शहरात जाणारी शेवटची. दादरला उतर. पळ."

तो पळाला. थांब्यावर एकच ट्यूबलाइट होती, तीही फडफडत होती. तिच्या उजेडापलीकडे, कठड्यावर कोणीतरी बसलं होतं. पाठमोरं. शेजारी सुतळीनं बांधलेली बॅग. असतात अशी माणसं, कोणाची तरी वाट बघत बसलेली. चुडामणनं लक्ष दिलं नाही.

पायरीवर एक पाय ठेवला. मागं वळला. आता हाक मारायची.

दे... एवढं ओठांवर आलं. पुढं काही येईना. नाव घेतलं की भाऊ गेला हे कायमचं झालं, असं त्याला वाटलं. आणि बसमधले लोक बघत होते. जे आयुष्यभर म्हटलं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"चाल भाऊ. बस उनी."

कठड्यावरचा माणूस उठला.

चुडामणनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. तो आत जाऊन बसला, डबा मांडीवर घेतला, शेजारची जागा मोकळी ठेवली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. बस हलली. तेवढ्यात मागच्या काचेतून त्याला दिसलं की विमानतळाच्या दारातून कोणीतरी बसमागं धावत येतंय. हात वर करून. धावणं जरा वाकडं होतं. एक पाय मागं राहत होता.

"उशीर केला लेकानं," कंडक्टर म्हणाला. "आता सकाळी."

घंटीची दोरी चुडामणच्या डोक्यावरच होती. त्यानं वर पाहिलं. हात उचलला नाही.

बस मोठ्या रस्त्याला लागली. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"दादर. दोन ना?"

"एकच."

"मग हे?" कंडक्टरनं मोकळ्या जागेकडे हनुवटी केली. त्याची झोपेला आलेली नजर पुढच्या रांगेकडे गेली होती. "तुमच्याच मागून चढले ना? भाऊ भाऊ म्हणून तुम्हीच बोलावलंत. तिकीट कोण काढणार, मी? आणि त्यांना सांगा, पाय आत घ्या. लोकांना जाता येत नाही."

चुडामणच्या अंगावर काटा आला. पण भीतीचा नाही, बरं का. त्याला रडू फुटलं ते आनंदानं. भाऊ आला होता. परक्या कंडक्टरला दिसला होता. त्यानं दोन तिकिटं घेतली आणि शेजारी बघायचं धाडस न करता पुटपुटला, "पाय मझार ले, भाऊ."

बांद्र्यापर्यंत तो बोलत राहिला. हळूहळू, डब्यावर तोंड टेकवून. गावात काय झालं, कोणाची म्हैस व्याली, आई दोन दिवस जेवली नाही. खिडकीची काच काळी होती. तिच्यात त्याचं तोंड दिसत होतं. आणि तोंडाशेजारी एक खांदा. ओला. जानेवारीत कपडे ओले कशाला असतील, हा विचार त्याच्या मनात आला आणि गेला. वास मात्र गेला नाही. खारट, कुजट. पाण्यात फार दिवस राहिलेल्या दोरखंडाला येतो तसा.

माहीमची खाडी आली.

चुडामणनं डबा घट्ट धरला. "भाऊ, पूल उना. चाल."

बसची चाकं पुलावर चढली.

मग कानाजवळ...

"होय."

एवढंच.

चुडामण बसल्या जागी गार पडला. देवचंद कधी होय म्हणत नसे. आमच्याकडे हाव म्हणतात. शाळेत गुरुजींनी छड्या मारल्या तरी देवचंद हावच म्हणाला होता. होय म्हणणारी माणसं समुद्राकडची.

पण माणूस स्वतःला समजावतो. मस्कतला राहिला, चार मुलखांच्या माणसांत राहिला, बोली बदलली असेल. चुडामणनं तसं समजावलं. दुसरं काय करणार? बस पुलावर होती. मागं कोणाला ठेवून आलो का, हा विचार त्याला नको होता.

दादरला कंडक्टरनं विचारलं, "उतरले का तुमचे?"

"उतरले," चुडामण म्हणाला.

शेजारची जागा ओली होती.

पहाटेच्या गाडीनं तो चाळीसगावला आला, तिथून धुळे, तिथून एस.टी.नं गावात. प्रत्येक गाडीत चढताना, उतरताना तो म्हणत आला, चाल भाऊ. आता सवय झाली होती. तापीत अस्थी सोडायच्या होत्या, पण द्रौपदाबाई म्हणाली, एक रात्र तो घरात राहील. तिनं डबा पाटावर ठेवला, दिवा लावला. समोर ज्वारीचं पीठ हातानं सारखं पसरलं आणि वर टोपलं झाकलं. घरी आलेला माणूस सकाळी पिठावर पाय दाखवतो, अशी रीत आहे. मग बाहेरचं दार लावून दोघं आतल्या ओसरीत झोपली.

सकाळी तिनं टोपलं उचललं.

टोपलं तिच्या हातातच राहिलं. चुडामण मागून वाकून बघायला लागला, तेव्हा तिनं त्याच्याकडे मान वळवली.

पिठावर उजवा पाय उमटला होता. रुंद. स्वच्छ. पाचही बोटं.

"कोनले लई उना रे तू?" आईनं विचारलं. "कोणाला आणलंस?"

चुडामणच्या डोळ्यांपुढं बसची ती मागची काच होती. वाकडं धावणारा तो माणूस. वर केलेला हात.

तो तसाच उठला. तोंड धुतलं नाही, भाकरी खाल्ली नाही. मी ओट्यावर दात घासत होतो. मी म्हटलं, "कुठं निघालास सकाळी सकाळी?" तो म्हणाला, "नाना, माझा भाऊ थांब्यावर राहिला." आणि एस.टी.मागं धावला.

दुसऱ्या रात्री तो सहारच्या त्याच थांब्यावर उभा होता. कठडा रिकामा. तो ओरडला. देवचंद. आख्ख्या थांब्यानं वळून पाहिलं. देवचंद, घर चाल. बसमध्ये चढताना ओरडला, खाडीवर ओरडला. कंडक्टर म्हणाला, "दारू पिऊन बसमध्ये चढायचं नाही." शेजारी कोणी बसलं नाही, आणि दिसलंही कोणी नाही. वास नाही. उत्तर नाही. गाडीत, एस.टी.त, वेशीवर, सगळीकडे तो नाव घेत आला. घसा बसला, नुसती हवा बाहेर पडत होती. तरी ओठ हलत होते.

तो परतला तेव्हा घरात सांज झाली होती. द्रौपदाबाई चुलीपुढं बसलेली. डबा अजून पाटावरच.

"त्याला जायला सांगितलं का?" चुडामणनं कुजबुजत विचारलं.

"काय नावानं सांगू?" ती म्हणाली. "नाव ठाऊक शे का तुले?"

दोघंही पाटाकडे बघेनात.

तिनं पीठ पुन्हा पसरलं. ह्या वेळी बाहेरचं अंगणही शेणानं सारवलं, उंबऱ्यापर्यंत. दार उघडंच ठेवायचं ठरलं होतं. पण मध्यरात्री कधीतरी आतून कडी लागली. चुडामणनं लावली नाही. आईनं लावली नाही. दोघं ओसरीत एकमेकांचा हात धरून पडून होती. कडीचा आवाज दोघांनी ऐकला.

नंतर बाहेर काहीतरी सरपटल्यासारखं झालं. पाय ओढल्यासारखं. अंगणातून दारापर्यंत आलं.

थांबलं.

दार वाजलं नाही. तो कधी दार वाजवत नसे, घरचाच होता. चुडामणनं हाक मारायला तोंड उघडलं...

घसा बसलेला होता.

नाना थांबले. शेकोटीत तुराटी तडकली. मगननं विचारलं, "मग?"

"मग काय. उजाडल्यावर द्रौपदाबाईच्या ओरडण्यानं मी धावत गेलो. कडी आतून होती, चुडामणनं काढली. आत पिठावर पुन्हा पाचही बोटं, आधीपेक्षा खोल. ते मी नीट पाहिलंही नाही. मी अंगणात उभा होतो, आणि माझ्या पायाशी, ओल्या शेणात, एकच पाऊल होतं. उंबऱ्याला टेकलेलं. आत तोंड करून."

त्यांनी स्वतःचा उजवा तळहात पसरला, आणि अंगठा आत दुमडून घेतला.