एल्चेची बाई आणि लाल तळवा

"हळू मार टाकी बाई, हळू घाल घाव,
दगडात निजलीया, पुसू दे गं नाव..."

ब्राह्मी अगदी लहान होती तेव्हा भूपालआज्जा हे गात गात दगड घडवायचे. कुपवाडच्या त्यांच्या छोट्या कारखान्यात धूळसुद्धा त्या सुरात नाचायची. मग आज्जांचे हात थरथरू लागले. त्रिशलाआत्यानं टाकी उचलली आणि आज्जांचं गाणं थांबलं. आत्याच्या कामाला ते कधी चांगलं म्हणाले नाहीत, की वाईट म्हणाले नाहीत.

आज ती ओळ ब्राह्मीला आठवली, तीही नाक दाबून उभी असताना!

"ई! कायतरी मेलंय हितं!" शंभूराज ओरडला. तो साताऱ्याकडचा, फौजीचा पोरगा, सुट्टीला शेजारी मामाकडं आलेला.

"मेलेलं नाही, कुजलेलं आहे," ब्राह्मीचा धाकटा भाऊ भरतेश म्हणाला.

"आलाय मोठा वास ओळखणारा!"

सांगलीच्या एका सभागृहात 'जगातल्या मूर्ती' हे सुट्टीतलं प्रदर्शन भरलं होतं. आत्यानं घडवली होती एल्चेची बाई. स्पेनमधल्या एल्चे गावी सापडलेल्या फार जुन्या दगडी मूर्तीची हुबेहूब नक्कल! दुपारी अंगणवाडीची चिमुरडी येणार होती आणि त्यांना बाईची गोष्ट सांगायचं काम ब्राह्मीकडं होतं. पण वास असा, की जवळ उभं राहवत नव्हतं.

तेवढ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेचे सेक्रेटरी वीरधवलसाहेब नाकाला रुमाल लावून आले. "त्रिशलाताई, तुमचा दगडच नासका दिसतोय. हलवा तो."

"दगड नासतो होय?" भरतेश फिसकन हसला.

आज्जा मात्र हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, "गाडी बोलवतो. न्हेऊ परत."

आत्याचा चेहरा उतरला. "न्हेऊ की, अण्णा. मग आपण स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगडच कापत बसू."

 ब्राह्मी पुढं झाली. "साहेब, छोटी मुलं येईपर्यंत तरी थांबा!"

"बरं. तोवर वास गेला तर ठीक, नाहीतर बाई बाहेर!"

साहेब गेले. मूर्तीमागं पडदा होता. पडदा आणि भिंत यांच्यामधून पाण्याच्या पिंपाकडं जायची अरुंद वाट होती. तिघं त्या वाटेनं आत शिरले. पडदा बाजूला सारला, की बाईच्या पाठीतली खोल, गोल पोकळी समोर येई. शंभूराजनं काठीला चिंधी गुंडाळून आत घातली आणि बाहेर काढली.

तपकिरी, चिकट, तार सुटणारा लगदा!

"शी शी शी!" भरतेश मागं सरकला तो थेट भिंतीवर आदळला. "काय आहे ते?"

"तंबाखूचा चोथा," शंभूराज तोंड वाकडं करत म्हणाला. "कुणीतरी हिच्या पाठीत थुकतंय गड्या! ओकारी येतीया मला."

ब्राह्मीला ओकारीपेक्षा राग आला. गळ्यात माळा, मिटलेले ओठ, शांत डोळे. अशी बाई समोर उभी, आणि तिच्या पाठीत पिचकारी? तिथं? त्या जागी?

"कोण असेल?"

या वाटेनं तिघेजण सारखे ये-जा करत. मंडपवाला अमृतदादा, पहारेकरी आकाराममामा आणि स्वतः सेक्रेटरीसाहेब. तिघांच्याही खिशात तंबाखूची पिशवी आणि चुन्याची डबी!

"विचारलं तर कोण सांगणाराय?" भरतेश म्हणाला.

ब्राह्मी पोकळीच्या काठाकडं बघत राहिली. पिवळसर दगड. थुंकायला वाकलं की हात टेकणार तो नेमका इथं. आणि एकदम तिचे डोळे चमकले.

"भरतेश, पळ! कोपऱ्यावरच्या दुकानातनं हळद आण!"

"भाजी करायचीय का हिची?"

"पळ म्हणते ना!"

हळद आली. तिनं ती बोटभर पाण्यात कालवून काठावर चोपडली. पिवळ्यावर पिवळी, काही दिसेना. मग तिघं दाराशी जाऊन बसले. शंभूराजच्या मामीनं दिलेलं भडंग मध्ये होतं, पण शंभूराजनं पुडा दूर ढकलला. "न्हाई बा. तो लगदा आठवतोय."

दुपारी चिमुरडी एकमेकांचे झगे धरून आत आली. अंगणवाडीच्या बाईही, पालकही आले. वासानं सगळ्यांनी नाकं मुरडली. साहेब पुढं सरसावले आणि हात उंच करून म्हणाले, "बाळांनो, स्वच्छता फार महत्त्वाची! म्हणूनच ही घाण मूर्ती आम्ही..."

"काका!" एक एवढीशी मुलगी किंचाळली. "तुमच्या हाताला कुंकू!"

तळवा लालभडक!

"अगं... हे... पूजा केली सकाळी..."

"पूजा नाही साहेब," ब्राह्मी म्हणाली.  "मूर्तीच्या पाठीत कुणीतरी तंबाखू थुंकत होतं, म्हणून भोकाच्या काठाला मी हळद लावली होती. नुसती हळद लागली तर हात पिवळा होतो. पण त्याच तळव्यावर कुणी चुना टाकून तंबाखू मळली, तर लाल होतो. हळद आणि चुना. कुंकू असंच तयार होतं, हे सांगलीत कुणाला माहीत नाही?"

"अमृतदादा, मामा, हात दावा बरं!" शंभूराज ओरडला. दोघांनी हात पुढं केले. चुन्याचे पांढरे डाग होते, लाल काहीच नव्हतं.

"आवं साहेब," आकाराममामा म्हणाले, "पिकदाणी मिळाली न्हाई व्हय दुसरी?"

 अंगणवाडीच्या बाईंनी बादली आणि घासणी साहेबांच्या पुढ्यात ठेवली. सगळ्यांदेखत साहेबांनी पोकळी घासली, आणि त्यांना स्वतःलाच दोनदा उमासे आले!

वास गेल्यावर ब्राह्मी चिमुरड्यांसमोर मांडी घालून बसली.

"ही दूरच्या देशातली बाई. हजारो वर्षांपूर्वीची. शेतात काम करताना मातीखाली सापडली."

"कानावर जिलब्या का?"

"जिलब्या नाहीत गं, चाकं! केसांचे वेढे त्यात गुंडाळत असतील. तेव्हा तिला रंगही होता, ओठ लाल होते."

"आणि पाठीला भोक का?"

ब्राह्मी म्हणाली, "मोठे लोक म्हणतात, त्यात गेलेल्या माणसाची राख ठेवत असावेत. आपल्या माणसाला कुशीत ठेवतात, तशी."

 साहेबांची मान आणखी खाली गेली.

"शाब्बास पोरांनो!" अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या. "तुमच्यामुळं हिची लाज राहिली."

गर्दी पांगली. आज्जा हळूहळू मूर्तीजवळ आले. थरथरतं बोट त्यांनी बाईच्या ओठांवरून फिरवलं. आत्या बाजूलाच उभी होती.

"त्रिशला," ते म्हणाले, "हे असलं ओठ मला कवा जमलं न्हाईत. तू टाकी उचललीस त्या दिवशीच कळलं हुतं मला, तुझा हात माझ्यापरीस चांगला हाय. तोंडातनं शब्दच निघत न्हवता बघ."