टॅगर्ट पट्टीची डावी लेन

शनिवारी टॅगर्ट पट्टीवर गाड्या पळवायला जायचं म्हणताय ना? जा. मी कोण अडवणार? फक्त व्हर्लिन स्ट्राउडचं काय झालं तेवढं ऐकून जा. चाळीस वर्षं तो माझा शेजारी आहे, आणि खोटं रचण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नाही.

तारीख चौदा नोव्हेंबर २०१९, गुरुवार. बंद पडलेल्या पट्टीची आठवण म्हणून गावाने एक दगड बसवायचं ठरवलं होतं, शर्यत जिथे संपायची बरोबर तिथे. गवंडी सकाळी आठला येणार आणि जागा अजून मोजलेलीच नाही. व्हर्लिनचं गॅरेज सहाला बंद झालं. मग तो आणि त्याची बायको आर्डिथ पिकअप घेऊन निघाले. सव्वासहाला पोचले तेव्हा पूर्ण अंधार झाला होता.

"तू गाडीतच बस," आर्डिथ म्हणाली. "तुझा गुडघा आणि तुझं तोंड, दोन्ही वाटभर कुरकुरतात. हेडलाइट चालू ठेव म्हणजे झालं."

"पाव मैल आहे. हरवलीस तर?"

"तर जेवण स्वतः करून खा."

हातात टॉर्च घेऊन, मोजायचं चाक ढकलत ती डाव्या लेनने निघाली. उजवी पुढे पार उखडलेली होती.

तुम्ही कुणी ही पट्टी चालू असताना पाहिलेली नाही, म्हणून सांगतो. दोन गाड्या शेजारी शेजारी, मध्ये दिव्यांचा खांब. पुढचं चाक सुरुवातीच्या रेघेपाशी आलं की आपल्या बाजूचा पहिला पिवळा दिवा लागायचा. वीतभर पुढे गेलं की दुसरा. दोघांचे दोन्ही लागले की शर्यत सुटायची. त्यात एक रीत होती. आपला पहिला लागला की थांबायचं. शेजारच्याचा पहिला लागेपर्यंत पुढे सरकायचं नाही.

सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरात एकोणीस वर्षांचा व्हर्लिन थांबला नाही. सरळ दुसऱ्या दिव्यापर्यंत घुसला. डावीकडे कॉय लॅम्बेथ होता. तो गडबडला, घाईत सुटला, आणि... घरी परतला नाही. पट्टी त्याच रात्री बंद झाली. व्हर्लिनला कुणी दोष दिला नाही. पण तेव्हापासून तो चौकातसुद्धा समोरच्याला आधी जाऊ देतो. मागचे हॉर्न वाजवून थकतात.

तर त्या रात्री आर्डिथला नीट उजेड मिळावा म्हणून त्याने पिकअप उजव्या लेनमध्ये रेघेपर्यंत नेली. चाक बरोबर पहिल्या दिव्याच्या जागी थांबलं. हाडात मुरलेली सवय. आणि त्याने डावीकडे पाहिलं. शेजारच्याची वाट बघतात तसं.

चूक झाली ती तिथे.

आधी पेट्रोलचा वास आला. मग इंजिनाचा आवाज. अडखळत, धपापत चालणारं जुनं इंजिन. काचेपलीकडे कुणीच नव्हतं. खांब तर केव्हाच भंगारात गेला होता. तरी त्याच्या जागी, रिकाम्या हवेत, छातीएवढ्या उंचीवर एक पिवळा ठिपका लागला. उजवीकडचा. त्याचा.

मग डावीकडचा.

आणि डाव्या लेनमध्ये, दूरवर, आर्डिथची टॉर्च हलत होती.

"काका, मागे घ्यायची ना गाडी!"

मागे घे म्हणणं सोपं आहे, पोरा, पण रीत माहीत नाही तुला. एकजण मागे सरला की दुसऱ्याला एकट्याने पळायची मुभा. व्हर्लिन पुढे गेला तर शर्यत सुटणार. मागे गेला तरी शेजारचा सुटणार. व्हर्लिनने ब्रेक दाबून धरला. हॉर्न दिला. तिला वाटलं, घाई करतोय. ती जागीच थांबली. वळली. कंबरेवर हात.

"बाजूला हो!" तो ओरडला. इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही.

ती उभीच...

शेजारचा थांबला होता. रीतीप्रमाणे. व्हर्लिनही थांबला. एक मिनिट. तीन मिनिटं. पाय थरथरायला लागला. दोन्ही हातांनी त्याने गुडघा दाबला.

गुडघ्याने दगा दिला, ब्रेक सुटला.

पिकअप वीतभर सरकली. दुसरा ठिपका. डावीकडेही... दुसरा.

पिकअप गदगदा हलली. आवाज कानातून नाही, छातीतून गेला. पुढे टॉर्च विझली.

मग काहीच नाही.

तो धावला. तसल्या पायाने. तिचं नाव घेत.

ती उभी होती. डोळे मिटून, खांदे आवळून.

"केवढा वारा आला रे," ती म्हणाली. "आणि हॉर्न काय वाजवत बसलास?"

त्याने तिचा हात धरला, तो घरी पोचेपर्यंत सोडला नाही. गाडी एका हाताने चालवली.

सकाळी आठला गवंड्याबरोबर मीही गेलो होतो. रेघेपासून डाव्या लेनमध्ये टायरचे दोन काळे पट्टे उमटले होते. ताजे. बोट लावलं तर चिकटत होतं. दोरी लावल्यासारखे सरळ गेले होते. मी पावलं मोजली. दोनशे अकराव्या पावलाला दोन्ही पट्टे एकदम दोन हात बाजूला वळले होते, आणि लगेच पुन्हा सरळ.

त्या वळशाच्या आत, धुळीत, आर्डिथच्या बुटांचे ठसे होते. दोन्ही पाय जवळ जवळ.