परत न आलेल्याची साक्ष

हे मी स्वतः पाहिलंय. कुणाच्या काकाच्या मित्राने सांगितलेलं नाही. वय झालंय माझं, पण डोकं अजून ठिकाणावर आहे. पटलं नाही तर सोडून द्या.

इंग्लंडमधल्या लिंकनशायरचा लष्करी विमानतळ. महायुद्धातली, एकोणीसशे चव्वेचाळीसच्या जानेवारीतली एक पहाट.

रात्री जर्मनीवर बॉम्ब टाकायला गेलेली आमची विमानं परत का येत नाहीत, हे शोधणाऱ्या खात्यात मी होते. काम काय, तर उतरलेल्या पोरांना चहा द्यायचा आणि विचारायचं, काय काय दिसलं?

म्हणजे मेले ते कशाने मेले, हे वाचलेल्यांना विचारायचं. शहाणपणाची कमालच म्हणायची!

पोरं दर वेळी एकच सांगायची. "बुजगावणं फुटलं." जर्मन म्हणे एक खोटा गोळा उडवतात. आभाळात असा भडका होतो, की वाटावं विमानच फुटलं. नुसतं घाबरवायला. वरच्या साहेबांनीच हे त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

माझा धाकटा भाऊ विल्फ याच तळावर होता. विमानाच्या शेपटीत मशीनगन घेऊन बसायचा.

त्या पहाटे त्याचं विमान अजून उतरलं नव्हतं. माझा जीव दाराकडे लागला होता.

समोरची खुर्ची सरकली...

ट्रँटर. विल्फचा दोस्त, दुसऱ्या विमानावरचा. आदल्या संध्याकाळीच विल्फला चिडवत होता, "तू नाही आलास तर तुझं अंडं माझं हं!" परत येणाऱ्याला तळलेलं अंडं मिळायचं. त्या टंचाईत ती चैन होती. ही थट्टा सगळेच करायचे.

आता मात्र तो हसत नव्हता. खाली बघत होता... स्वतःच्या पायांखाली.

मी चहा पुढे केला. त्याने हात लावला नाही.

"बुजगावणं वगैरे काही नसतं, मिस," तो म्हणाला. "ती आपलीच विमानं असतात."

मी वहीतून मान वर केली.

"जर्मन विमान अंधारात खालून येतं. अगदी पोटाखाली. तिथे आम्हाला खिडकीच नाही... विल्फला सांगा, विमानाच्या बुडाला भोक पाडून घे. खाली बघत राहा म्हणावं."

तेवढ्यात दार उघडलं. विल्फ! धडधाकट, दात काढत आला.

"काय गं एनी, मेलो असं वाटलं होय? आज एक बुजगावणं अगदी शेजारी फुटलं, बघ!"

"अरे, ट्रँटर तेच सांगतोय..." मी वळले.

खुर्ची रिकामी.

चहा भरलेला तसाच.

विल्फचा चेहरा पडला. "ट्रँटर? त्यांचं विमान कुठे उतरलंय अजून?"

ते उतरलंच नाही.

मी तडक आमच्या खात्याचे प्रमुख पार्जिटर साहेबांकडे गेले. सगळं सांगितलं.

"मिस कॉथोर्न, परत न आलेल्यांची साक्ष आपण धरत नाही," ते म्हणाले. "जा, थोडी झोप काढा."

"भुताचं सोडा हो! एका तरी विमानाला भोक पाडून बघा. तुमचं काय जातंय?"

"आणि ती बुजगावणी नाहीत हे पोरांना कळलं, तर उद्या विमानात चढेल कोण?"

म्हणजे याला माहीत होतं. मेल्याला माहीत होतं!

विल्फने मात्र माझं ऐकलं. भोक पाडायची परवानगी मागितली. मिळाली नाही. "असू दे गं, मान वाकडी करून बघेन," म्हणाला, आणि पुढच्या रात्री उडाला.

पहाटे बाकीची पोरं परतली. चहा घेतला. मी विचारलं, काय दिसलं?

"बुजगावणं फुटलं. विल्फच्या विमानाच्या अगदी जवळ."

मी तेच लिहून घेतलं. दुसरं काय करणार होते?

त्याचं अंडं कुणीच मागितलं नाही.

युद्ध संपल्यावर जर्मनांना विचारलं. असला गोळा त्यांच्याकडे कधी नव्हताच. पार्जिटर साहेबांना तोवर पदक मिळालं होतं.

आता मी एकटी राहते. सकाळी चहा ओतला, की कधीकधी समोरची खुर्ची सरकते...

विल्फ. अजून एकोणीस वर्षांचाच आहे.

"बोल ना रे," मी म्हणते. बोलत नाही. नुसता स्वतःच्या पायांखाली बघत बसतो. इतकी वर्षं तसाच बसायचा.

परवापासून तो माझ्या खुर्चीखाली बघतोय...

मला अजून वाकून बघायचा धीर झालेला नाही.