उरलेला गाल

ही गोष्ट रचलेली नाही. ज्यांच्या गालावर ती घडली, ते डॉक्टरकाका अजून हयात आहेत. विचारलंत तर व्रण दाखवतील.

रात्र नव्हती. भर दुपार होती. सलूनचं दार सताड उघडं, बाहेर रहदारी.

सलून तिच्या बाबांचं, त्यांना जाऊन फार दिवस झाले नव्हते. ती दुकान झाडायला आली होती. विकायला नव्हे, चालवायला. चुलतभाऊ हसला होता, "वस्तरा धरलायस का कधी?"

धरला नव्हता. बाबांनी काम त्याला शिकवलं, तिला नाही. "मुलीच्या हातात वस्तरा देत नसतात," एवढं म्हणायचे. विषय संपायचा.

डॉक्टरकाका येऊन खुर्चीत बसले. बाबांचं जुनं गिऱ्हाईक. मेंदूचे डॉक्टर, आता निवृत्त.

"नुसता फेस लाव गं. दाढी घरी करेन. त्या ब्रशाशिवाय चैन पडत नाही."

तिने फेस लावला.

आणि मग... चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासल्याचा आवाज आला.

चप... चप... चप...

तिने खाली पाहिलं.

हात तिचाच होता.

करंगळी वर उचललेली. अगदी बाबांसारखी. वस्तरा कानशिलावरून उतरला, जबड्याच्या वळणावर आपसूक तिरका झाला. गळ्यापाशी आला तेव्हा तिला श्वास घेता येईना...

हात मात्र शांत.

"छान बसलाय की हात! कधी शिकलीस?" काकांचे डोळे मिटलेलेच.

"नाही शिकले. कधीच नाही."

काकांनी डोळे उघडले.

"काहीतरीच काय! हात विसरत नाहीत, हे खरं. माणूस बायकोचं नाव विसरतो, सायकल विसरत नाही. पण त्यासाठी मेंदूत आधी वाट पडावी लागते, पुन्हा पुन्हा करून. न शिकलेलं कुणाला आठवत नाही, पोरी."

आरशात त्यांचा उजवा गाल लख्ख होता.

तिच्या खांद्यामागे... कुणी नव्हतं.

घाबरायला हवं होतं. तिला राग आला.

"आता आलात?" ती मोठ्याने म्हणाली. "जिवंतपणी हात धरून शिकवलं असतंत तर काय बिघडलं असतं? आता हे उसनं कसब नको मला. माझं मी शिकेन."

मनगट आवळलं गेलं...

तिने दुसऱ्या हाताने एकेक बोट उलगडलं. वस्तरा खणकन बेसिनमध्ये पडला.

मग तिनेच तो उचलला. हात थरथरत होता. ते थरथरणं तिचं होतं.

"काका, उरलेला गाल मी करते. जायचं तर उठून जा."

काकांनी आरशात तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान मागे टेकवली.

"गळ्याला हात लावू नकोस म्हणजे झालं. अजून मरायचं ठरवलेलं नाही मी."

रक्त निघालंच. दोघंही एकदमच "आई गं!" म्हणाली.

सलून आज तीच चालवते. रोज दुकान उघडण्याआधी फुग्यांना फेस लावून, त्यावर वस्तरा फिरवून हात बसवते. फुगा फट्‌कन फुटला की तिला बरं वाटतं. हात आपलाच आहे.

हल्ली मात्र फुगे फुटेनासे झालेत.

मेहनतीनेच असेल. असेलच... पण हे ओळखायचं कसं?

ती ओठ घट्ट मिटते, पुढचा फुगा उचलते आणि तोंडाला लावते.

फुंकर तरी तिचीच आहे.